मागच्या सीटवरचा हात

मुग्धा,

आपल्या घरात पहिला मान मोठ्या सुनेचा, हे मी तुला तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाला ऐकवलं होतं. तू करंडा घेऊन भलत्याच बाईकडे वळलीस आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आधी मला, मग बाकीच्यांना." तू "हो ताई" म्हणालीस आणि मला कुंकू लावलंस. त्यानंतर कधी चुकली नाहीस. साडी मी आधी निवडायची, गाडीत पुढे मी बसायचं, प्रसादाची पहिली वाटी माझी. आणि या एका गोष्टीत मात्र धाकटी असून माझ्या पुढे गेलीस. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेलीस काय आणि परवा तुझं तेरावंही झालं काय.

लोक म्हणतात, रडा, मोकळ्या व्हा. रडले की. पण रडून झाल्यावर तळाशी जे उरतं ते दुःख नाही, तो हेवा आहे. तुझ्याबरोबर तोही जायला हवा होता. गेला नाही. जावेला जाऊ जळते हे काही नवल नाही, पण गेलेल्या जावेवर जळणारी बहुतेक मीच पहिली.

काय काय होतं तुझ्याकडे! स्कूटर चालवायचीस. केस कापलेस तेव्हा आई काही बोलल्या नाहीत. मी नुसता आखूड बाह्यांचा ब्लाउज शिवला होता तर त्यांनी आठवडाभर अबोला धरला होता. दुपारी तू घरी काम करत बसलीस की त्या स्वतः उठून तुला चहा करून द्यायच्या. सासूने सुनेला चहा! माझ्या वाट्याला तो कधी आला नाही. आणि सोसायटीतल्या बायकांनी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मोठी शाळेत ड्रॉइंग शिकवायची. धाकटी कॅमेऱ्याला बघायला शिकवते." माझं 'शिकवायची', तुझं 'शिकवते'. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते आणि ते मला सुईसारखं टोचायचं.

कारण बघायला शिकवणं हे माझं काम होतं, मुग्धा. डोंबिवलीतल्या अर्ध्या पोरांना मी 'नीट बघ' असं ओरडून ओरडून घसा बसवून घेतलाय. माठ काढायच्या आधी माठाकडे बघ, कागदाकडे नंतर. आणि तू तुझ्या माजिवड्याच्या ऑफिसातून येऊन जेवता जेवता सांगायचीस, आज मशीनला रिक्षा आणि टेम्पोतला फरक कळला. सगळे घास थांबवून ऐकायचे. चौकातल्या खांबांवर कॅमेरे, त्यामागे तुझं ते मशीन. कुठली रिक्षा, कुठली बस, कुठला माणूस, हे त्याने ओळखायचं. कोणती गाडी वळणार हे आधी समजलं तर रस्ता ओलांडणाऱ्याला दिवा लावून सावध करता येईल, असं तुमचं चाललं होतं. मी म्हणायचे, "ते बघत नाही गं, नुसतं ओळखतं. बघणं वेगळं." तू शांतपणे म्हणालीस, "ताई, तुम्ही तरी मुलांना काय करता? खूपदा दाखवायचं, चुकलं की सांगायचं, परत दाखवायचं. तेच." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून शोधतेय. परवा तुझ्या फोटोला हार घालताना एक सुचलं होतं, पण ते सांगायचं कुणाला?

तुमच्याकडे माणसं कमी पडली म्हणून तू मला त्यात ओढलंस. खरं तर मी घरात सगळ्यांशी भांडत होते म्हणून ओढलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यात रस्त्याचे फोटो, आणि फोटोतल्या प्रत्येक गाडीभोवती माऊसने चौकट काढायची. अशा हजारो चौकटी दाखवल्या की मशीन शिकतं. "चौकट घट्ट काढा ताई. आरसा आत, सामान आत, रस्ता बाहेर." माझी रेघ कधी हलली आहे का? मी अशा चौकटी काढल्या की तुझ्या ऑफिसात विचारलं म्हणे, हे कोण काढतंय. खोपटच्या डेपोतून एसटी बाहेर पडताना तिच्याआड अर्धा टेम्पो दिसला, तर मी अर्धीच चौकट काढली. तू म्हणालीस, "नाही ताई, झाकलेला असला तरी टेम्पो पूर्णच आहे ना? अंदाजाने पूर्ण काढायची. जे दिसत नाही तेही धरायचं." हे मला आवडलं होतं. तोंडावर सांगितलं नाही.

मग एका दुपारी तू माझं काम तपासत होतीस आणि तुझ्या कपाळाला आठी पडली.

"ही स्कूटरची चौकट एवढी रुंद का?"

"हात आहे ना तिथे."

"कुणाचा?"

"मागे बसलेल्या बाईचा. वळायचंय त्यांना."

"ताई, हात गाडीचा भाग नसतो."

"इथे असतो," मी म्हटलं.

तू हसलीस. मला ते हसू झोंबलं. तुझ्या मागे बसून मी इतकी वर्षं बाजारात जात होते, मानपाड्याच्या वळणावर दर वेळी हात बाहेर काढत होते आणि दर वेळी तू ओरडत होतीस, "ताई, हात आत घ्या, इंडिकेटर लावलाय मी!" मी म्हणायचे, मागच्या लोकांना तुझ्या त्या लुकलुकीवर भरवसा नाही. आणि खरंच आहे ते. आपल्याकडे कल्याणला लावलेला इंडिकेटर डोंबिवलीपर्यंत तसाच लुकलुकत येतो. त्याच्यावर कोण विसंबणार? हात बाहेर आला की मात्र मागचा ट्रकवालासुद्धा थांबतो. मी तुला त्या दिवशी फोटोंमागून फोटो दाखवत सुटले. हा बघ रिक्षावाल्याचा हात, वळतोय. हा एसटीच्या ड्रायव्हरचा, खालीवर हलतोय, म्हणजे मागच्याने हळू यायचं. ही बाई बघ, हिचाही हात बाहेर आहे, पण ही वळणार नाही. हिचं एकच बोट पुढे आहे. ही नवऱ्याला साडीचं दुकान दाखवतेय. वळणाऱ्याचा तळवा उघडा असतो, बोटं जुळलेली असतात.

तू म्हणालीस, "हे तुम्हाला कसं दिसतं?"

मला कसं दिसणार नाही? चित्रकलेच्या परीक्षेला पोरं माणूस काढतात आणि त्याचे हात पाठीमागे लपवतात. नाहीतर खिशात घालतात. कारण हात काढणं सगळ्यात अवघड. उभ्या जन्मात मी पोरांना माणसांचे लपवलेले हात बाहेर काढायला लावलेत. फोटोतली गाडी मला नंतर दिसते, हात आधी.

तू ऑफिसात जाऊन भांडलीस. आलीस ती नवीन नियम घेऊनच, हातांची वेगळी चौकट, प्रत्येक हाताला वेगळं नाव. मग कित्येक दुपारी मी नुसते हात काढत बसले. बांगड्यांचे हात, रबरी मोजे घातलेले हात, एक हात तर पिशवीसकट. मशीन सुरुवातीला दुकान दाखवणाऱ्या सगळ्या बायकांना वळवत होतं. मी चिडले की म्हणायचीस, "ताई, पी हळद आणि हो गोरी असं नसतं." माझीच म्हण मलाच! पण खरं सांगू? निवृत्तीनंतरच्या त्या सगळ्या दिवसांत मी फक्त तेव्हा सुखात होते. आणि त्याचाही मला तुझ्याबद्दल राग होता, की माझं सुख तुझ्या पिशवीतून येतंय.

गौरी आल्या तेव्हाची गंमत तर मी विसरणार नाही. ज्येष्ठा मी आणली, कनिष्ठा तू. मुखवटे बसवून, साड्या नेसवून दोघी उभ्या केल्या, आणि तुझ्या सईने हट्ट धरला, आई, तुझं मशीन गौरींना ओळखतं का बघ. रस्त्यावरची माणसं ओळखणारं तुझं ते मशीन तू लॅपटॉपवर चालू केलंस. दोन्ही गौरींभोवती पटकन चौकटी आल्या, वर लिहिलेलं 'माणूस', आणि खात्रीचा आकडा नव्वदच्या पुढे. तुझ्याभोवतीही तसाच. माझ्याभोवती आली ती जरा वेळाने, लुकलुकत, आणि आकडा कसाबसा साठ. सगळे पोट धरून हसले. आईसुद्धा. गौरीचा मुखवटा माझ्यापेक्षा जास्त माणूस! तू लगेच म्हणालीस, "ताई, तुम्ही अर्ध्या कपाटाआड उभ्या आहात म्हणून." मी जेवणावळीचं बघायला म्हणून स्वयंपाकघरात निघून गेले. मला वाटलं, बरोबरच आहे. या घरात मी कधी अख्खी दिसले?

आता खरं भांडण. तुला आठवत असेल, तुझ्या पहिल्या सणाला तू पुरणपोळ्या वाढत होतीस. मी "नको" म्हटलं आणि तू तशीच पुढे गेलीस. मी बघतच राहिले! अगं, आपल्यात 'नको' म्हटल्यावर दोनदा विचारायचं असतं. ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून पोळी सरकवायची असते. पहिल्या 'नको'ला पुढे गेलीस म्हणजे वाढायची इच्छाच नव्हती, असा अर्थ होतो. मी अर्धपोटी उठले. तुला पुढे अनेकदा आडून आडून सुचवलं, पण तुझ्या डोक्यात ते कधी शिरलं नाही. तुझं म्हणणं, माणसाने नको म्हटलं म्हणजे नको. मी आईंना म्हणायचे, हिच्या हाताला आग्रह माहीतच नाही.

तर ठाण्याला सगळ्या मोठ्या लोकांसमोर तुला ते हातांचं दाखवायचं होतं, तेव्हा तू स्वयंपाकघरात आलीस. मी कोथिंबीर निवडत होते. "ताई, तिथे तुमचं नाव घालू का?" मी मान वर न करता म्हटलं, "माझं कशाला? नको." तू "बरं" म्हणालीस आणि बॅग उचलून गेलीस.

बरं! एकदा वळून बघितलं असतंस तर कोथिंबिरीच्या काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात चालली होती हे तुला दिसलं असतं. संध्याकाळी तू गुच्छ घेऊन आलीस. टाळ्या पडल्या म्हणालीस, लोक उभे राहिले म्हणालीस. मी गुच्छ पाण्यात ठेवला आणि मनात म्हटलं, आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यास. तेव्हापासून तुझ्याशी बोलणं कामापुरतं राहिलं. तुला वाटलं माझे गुडघे दुखतात म्हणून मी गप्प असते. तू मला तेल आणून दिलंस. ते तेल मी लावलंही, कारण गुडघेही दुखत होतेच.

तेराव्याला तुझ्या ऑफिसातली माणसं आली होती. तुझी ती वरिष्ठ, शिल्पा, तुझ्या फोटोसमोर डोळे पुसत म्हणाली, "मुग्धा नेहमी सांगायची, हातांची कल्पना तिची नव्हती." वाटलं, आता. आता येतंय माझं नाव. आणि ती म्हणाली, "ती घरूनच सुचली, सासूबाईंमुळे."

सासूबाईंमुळे! ज्यांना रिमोटचं लाल बटण अजून सापडत नाही त्यांच्यामुळे! लोक वाकून आईंच्या पाया पडायला लागले. आणि आई नुसत्या बसून होत्या, ना 'हो', ना 'नाही'. मी लाडवांचं ताट तिथेच ठेवून आत गेले. मुग्धा, त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुझ्याशी भांडले असते, आणि भांडायला तू नाहीस म्हणून मी मग इतकी रडले की सगळ्यांना वाटलं, केवढा जीव होता हिचा जावेवर.

सगळे गेल्यावर मी आईंना धरलं. "आई, तुम्ही काय सुचवलंत तिला?"

"मी कशाला सुचवत्येय? मला काय कळतं त्यातलं?"

"मग ती तुमचं नाव का सांगायची?"

आई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ती आलेली माझ्याकडे त्या दिवशी. म्हणाली, ताई नको म्हणतात. मी म्हटलं, अगं, मोठीला आणखी दोनदा विचार, ती हो म्हणेल. तर म्हणते कशी, आई, ताईंनीच शिकवलंय मला, मोठीचा मान ठेवायचा. त्यांनी एकदा नको म्हटल्यावर मी परत विचारलं तर त्यांच्या शब्दाला काय मान राहिला? आणि मग म्हणाली, माझं म्हणून कसं सांगू, माझं नाहीच ते. मी सांगीन सासूबाईंमुळे. घरातच राहील."

म्हणजे मानच दिलास मला! करंडा हातात धरून उभ्या असलेल्या नव्या नवरीला मी जे ऐकवलं होतं ते तू अक्षरशः पाळलंस. आणि मी त्याच मानाने जळत होते. आता तूच सांग, रागावू कुणावर? पण रागावणारच आहे मी. एसटीआड झाकलेल्या टेम्पोची पूर्ण चौकट काढायला लावणारी तू. जे दिसत नाही तेही धरायचं, हे तुझंच ना? मग माझ्या 'नको'च्या मागे एवढं मोठं 'हो' उभं होतं ते तुला दिसू नये? अंदाजानेही? तुझं मशीन गौरीला माणूस म्हणतं आणि तुला घरातलं माणूस कळू नये?

आणि तरी हेही लिहिते, की आईंनी हे सांगितल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं. तुझ्याकडे सगळं होतं आणि हे एवढं एक तुला येत नव्हतं. मला येत होतं.

काल शिल्पा परत आली, ऑफिसचा लॅपटॉप न्यायला. चहा घेतला. उठताना म्हणाली, "काकू, एक विचारू? घरून हातांच्या चौकटी कोण काढायचं ते तेराव्याला मी निघताना आईंनी मला हळूच सांगितलं. कल्याण-शीळ रस्त्याचे फोटो यायला सुरुवात झालीय. मशीन पुन्हा दुकान दाखवणाऱ्यांना वळवतंय. तुम्ही याल का आमच्याकडे? मुग्धाचं राहिलेलं पुरं करायला? आणि या वेळी तुमच्या नावाने."

आणि मी काय म्हटलं असेल? तुझी शपथ, तोंडातून आपसूक गेलं. "नको हो, मला कुठे जमतंय आता."

"बरं काकू," ती म्हणाली. "आग्रह नाही करत." चपला घालून गेलीसुद्धा. तुमच्या ऑफिसात सगळ्या बायका अशाच असतात का?

मी दार लावून उभी राहिले. आतून आई म्हणाल्या, "गेली का ती? काय विचारत होती?" मी टेबलाकडे बघितलं. लॅपटॉप असायचा त्या जागी टेबलाचा रंग थोडा गडद राहिलाय. तिथे तुझा कप असायचा, आईंनी केलेल्या चहाचा. वाटलं, हेही तू घेऊन गेलीस. मग वाटलं, नाही, हे तू नाही नेलंस. हे मीच आत्ता दाराबाहेर घालवलं.

मी गॅलरीत धावले, या गुडघ्यांनी. खाली शिल्पा स्कूटरवर बसली होती, हेल्मेट घातलेलं, हाक ऐकू जाणार नव्हती. मी दोनदा मारली, बाजूच्या गॅलरीतल्या जोशीबाई बाहेर आल्या फक्त. निघताना शिल्पाने एकदा मान वर केली. आणि मी ग्रिलमधून हात बाहेर काढला, कोपराच्या पुढे, सरळ, तळवा उघडा आणि बोटं जुळलेली. दुकान दाखवणाऱ्या बाईसारखा नाही. तुझ्या मागे बसून काढायचे, तसा.

तिने स्कूटर बंद केली.

ती वर आली तेव्हा मला धाप लागली होती. मी म्हटलं, "येते मी. मला यायचंय." एवढे चार शब्द, पण उभ्या आयुष्यात मी ते असे सरळ कुणाला म्हटले नव्हते. मग म्हटलं, "पण नाव घालणार असाल तर दोघींची घाला. आणि आधी माझं, मग तिचं. मोठी आहे मी." शिल्पा हसली, म्हणाली, हो काकू, तसंच करू. आत आई उठल्या होत्या. त्यांनी न विचारता गॅसवर चहा टाकला आणि कप माझ्यासमोर ठेवला, तुझ्या जागेवर.

मी तो प्यायले, मुग्धा. चांगला झाला होता. आणि पिता पिता वाटलं, आत्ता तू इथे हवी होतीस. माझं नाव आधी म्हटल्यावर या एका वेळेला तू 'हो ताई' म्हणायचं नव्हतंस. भांडायचं होतंस.